शुक्रवारची पंगत

पुण्याला शिकायला आलेला गरिबाचा मुलगा एके काळी वार लावून जेवत असे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी; एखादा वार रिकामा राहिलाच तर त्या दिवशी माधुकरी, नाही तर उपास. ही पद्धत खास आपली, अशी आपली समजूत. पण लिथुआनिया-पोलंडकडच्या ज्यू लोकांत ती जवळजवळ जशीच्या तशी होती. 'येशिवा'त, म्हणजे त्यांच्या पाठशाळेत, शिकायला परगावी गेलेली मुले रोज निराळ्या यजमानाकडे जेवत. यिद्दिश भाषेत त्याला शब्दशः 'दिवस खाणे' म्हणत! व्होलोझिन गावी १८०३ साली निघालेल्या नामांकित पाठशाळेने मात्र विद्यार्थ्यांना ही लाचारी नको म्हणून वर्गणी जमवून त्यांना पैसेच देण्याची व्यवस्था केली.

पुढे ज्यू मुले अमेरिकेतल्या कॉलेजांत गेली, तेव्हा पोटाची चिंता पुष्कळशी मिटली; पण आपले म्हणावे असे माणूस मिळेना. स्वागत तर दूरच राहिले. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घालण्याची सूचना मांडली. विद्यार्थ्यांची कित्येक मंडळे त्यांना सभासद करून घेत नसत. अशा दिवसांत, १९२३ साली, इलिनॉय विद्यापीठात बेंजामिन फ्रँकेल या तरुण रब्बीने ज्यू विद्यार्थ्यांसाठी एक संस्था काढली आणि तिला 'हिलेल' हे नाव दिले. फ्रँकेल १९२७ सालीच वारला, पण संस्था टिकली. आज ती शेकडो कॉलेजांत आहे.

हा हिलेल म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा ज्ञानी पुरुष. त्याची तालमुदातली गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हिलेल मोलमजुरी करी आणि रोजच्या मजुरीतला अर्धा हिस्सा विद्यालयाच्या द्वारपालाला देऊन आत शिकायला बसे. एका शुक्रवारी काम मिळाले नाही. द्वारपालाने आत सोडले नाही. तेव्हा हा पठ्ठ्या छपरावर चढला आणि झरोक्याला कान लावून पाठ ऐकत राहिला. रात्री बर्फ पडले. सकाळी आत उजेड का येत नाही म्हणून गुरूंनी वर पाहिले, तो झरोक्यात माणसाची आकृती! शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवणे निषिद्ध. पण याच्यासाठी शब्बाथ मोडायला हरकत नाही, असे म्हणून त्यांनी त्याला शेकोटीपाशी बसवले.

परगावच्या मुलाला अडचण येते ती शुक्रवारी सूर्य मावळताना. तेव्हापासून शब्बाथ सुरू. सामुदायिक प्रार्थनेला जुन्या रिवाजाप्रमाणे दहा प्रौढ पुरुष हवेत. काही पंथ स्त्रियांनाही मोजतात. नऊ जमले तर दहाव्याची वाट पाहायची. आहारही वेगळा: मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. म्हणून शुक्रवारी रात्रीची एकत्र पंगत फार मोलाची. १९६९ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाजवळ खबाद पंथाने घर उघडले, तेथून दुसरा प्रकार सुरू झाला. तिथे रब्बी आणि त्याची बायको आपल्याच घरी मुलांना जेवायला बोलावतात. हे म्हणजे पुन्हा वारच की!

पण दार सर्वांना उघडे ठेवणे बोलण्याइतके सोपे नसते. इस्राएलवर कडक टीका करणाऱ्यांना व्यासपीठ द्यावे की नाही, यावरून २०१३ साली स्वॉर्थमोर कॉलेजातील हिलेलच्या विद्यार्थ्यांनी मूळ संस्थेचे नियम झुगारले. १९२३ चे ते नावही २०१५ साली सोडले. ऑक्टोबर २०२३ नंतर तर हा वाद घरोघरच्या भांडणासारखा कडवट झाला. माझ्या मते पंगतीला बसवण्यापूर्वी मते विचारू नयेत. पण ज्यांच्या दारावर पहारा ठेवायची वेळ येते, त्यांना हे दुरून सांगणे सोपे आहे.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना या पंगतीत काय ओळखीचे वाटेल? शब्बाथच्या आशीर्वादाला त्यांच्याकडे मनुकांचे सरबत, तिकडे द्राक्षाची वाइन. मटणाच्या रश्शात आपल्याकडे नारळाचे दूध. तिकडे नारळ नाही. पण शनिवारी रात्री शब्बाथ संपताना तिकडची मुले 'एलियाहू हन्नावी' म्हणू लागतात. चाल निराळी, नाव तेच, जे अलिबागकडच्या घरांत पोहे, खोबरे, साखर आणि फळांचा मलिदा मांडून घेतले जाते.