न नोंदलेली देवघेव

आमच्या महाविद्यालयाचे माजी ग्रंथपाल गेल्या पंधरवड्यात अकोल्यास निवर्तले. अमरावतीस ३४ वर्षे सेवा करून २०१६ साली निवृत्त झाल्यावर ते आपल्या मूळ गावी राहावयास गेले होते. स्वतःच्या नावाचा गाजावाजा त्यांना कधी रुचला नाही. म्हणून येथेही नावाचा उल्लेख टाळतो.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला सारे काही आकड्यांत मोजण्याची सवय जडते. त्या सवयीपायी माझ्या हातून त्यांच्यावर अन्याय घडला. २०१२ साली मी ग्रंथालय समितीचा सदस्य होतो. सायंकाळी घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटल्याचे देवघेवीच्या नोंदवहीवरून दाखवून, सायंकाळचे वाचनालय बंद करावे, अशी सूचना मीच मांडली आणि ती संमत झाली. "सर, नोंदवहीत पुस्तके येतात, वाचक येत नाहीत," एवढेच ते म्हणाले.

हे उद्गार केवळ भावनेचे नव्हते. गणिताचे अध्यापक असलेले डॉ. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, ही त्यांतलीच दोन. आमच्या ग्रंथपालांनी ती आचरणात आणली. दशांश वर्गीकरणात कापसाच्या पिकाचे पुस्तक ६३३ या वर्गात पडते, तर शेतमालाच्या उत्पादनाचे व भावाचे ३३८ मध्ये. दर्यापूरकडून आलेला शेतकऱ्याचा मुलगा कापसावर काही मागू लागला, की ते स्वतः उठून दोन्ही कपाटांतील पुस्तके त्याच्यापुढे ठेवीत. या श्रमाची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची?

त्यांच्या टेबलावर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' सदैव असे. १८०० ते १९३७ आणि पुढे १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची नोंद चिकाटीने करणारे दाते जन्माने अकोला जिल्ह्यातील अडगावचे, याचा त्यांना मोठा अभिमान होता. इतरांच्या ग्रंथांची वाट सुकर करण्यात आयुष्य वेचणाऱ्यांची परंपरा ते आपली मानीत.

अकोल्यास त्यांच्या घरी सांत्वनास गेलो असता जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षक भेटले. ते आमचेच माजी विद्यार्थी. म्हणाले, "सर, एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. पुस्तक घरी नेऊन वाचणार कुठे? संध्याकाळी ग्रंथालयातच बसायचो. वेळ बंद झाली, तरी ग्रंथपाल साहेब आमच्यासाठी आठ वाजेपर्यंत थांबायचे." हा क्रम ते निवृत्त होईपर्यंत चालू होता. त्याच आवारात वावरणाऱ्या मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांच्या पश्चात ती जागा भरली गेलेली नाही. किल्ल्या एका लिपिकाकडे आहेत आणि दार पाच वाजता बंद होते. खर्च वाचला, असे ताळेबंद सांगेल. परंतु तो कोणाच्या पदरातून वाचला, हे सांगणार नाही.

त्यांची क्षमा मागण्याची वेळ निघून गेली. समितीच्या येत्या बैठकीत मात्र सायंकाळची वेळ पूर्ववत करावी व ग्रंथपालाची जागा भरण्याचा पाठपुरावा करावा, असा ठराव मी मांडणार आहे. तत्पूर्वी सदस्यांनी एक संध्याकाळ वाचनकक्षात बसून काढावी, अशी माझी विनंती राहील. २०१२ साली मी तेवढेच केले नव्हते.