शर्यतही आणि सहलही

शर्यतीची नौका हलकी हवी आणि सहलीची नौका सोयीची. या दोन अपेक्षा सहसा एकत्र नांदत नाहीत. पण हौशी माणसाला दोन नौका परवडतही नाहीत. या पेचातून निघालेली एक यशस्वी वाट म्हणजे 'जे/२४' ही शिडाची नौका.

अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या स्टोनिंग्टन येथे रॉड जॉनस्टोन या हौशी आरेखकाने १९७५ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये तिचा पहिला नमुना बांधायला घेतला. त्याचे नाव 'रॅगटाइम'. १९७६ च्या उन्हाळ्यात घरच्याच मंडळींना खलाशी म्हणून घेऊन जॉनस्टोनने शर्यतींमागून शर्यती जिंकल्या. १९७७ मध्ये व्यावसायिक उत्पादन सुरू झाले आणि आजवर अशा पाच हजारांहून अधिक नौका तयार झाल्या. साऱ्या एकाच साच्यातल्या असल्याने शर्यतीचा निकाल पैशापेक्षा कौशल्यावर ठरतो.

२४ फूट लांबीच्या या नौकेचे वजन सुमारे १,४०० किलो. त्यापैकी सुमारे ४३० किलो भार तळाखाली पात्यासारख्या उतरणाऱ्या 'कील'मध्ये असतो. वाऱ्याच्या रेट्याने नौका आडवी सरकू लागली की हे पाते तिला रोखते आणि ती कलंडू लागली की हाच भार तिला पुन्हा सरळ करतो.

तथापि, हा भार एकूण वजनाच्या एकतृतीयांशाहूनही कमी आहे. उरलेला तोल माणसांनी सांभाळायचा. शर्यतीत बहुधा पाच जण असतात. वारा येतो त्या बाजूच्या काठावर बसलेल्या या पाच जणांचे वजन जवळजवळ कीलमधील भाराइतके भरते. सुटीत दोघेच निघाले, तर हा आधार नाहीसा होतो. अशा वेळी शीड लहान ठेवणे हा भित्रेपणा नव्हे, शहाणपणा होय.

केबिनमध्ये चौघांना झोपता येते. ताठ उभे मात्र राहता येत नाही. वेगासाठी दिलेली ही किंमत.

आणखी एक खबरदारी अत्यावश्यक आहे. जोराच्या वाऱ्यात नौका आडवी झाली आणि केबिनचे दार किंवा बैठकीखालच्या कप्प्याचे झाकण उघडे राहिले असेल, तर पाणी आत शिरून ती बुडू शकते. असे अपघात घडलेही आहेत. आत पाणी भरल्यावर कीलचे वजन तारत नाही, उलट बुडवते. म्हणून वारा वाढण्यापूर्वीच झाकणे घट्ट लावावीत आणि प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट चढवावे. मग ती शर्यत असो वा सहल.