कामाच्या नोंदी आणि संख्याशास्त्र यांची सांगड

शहापूरहून मुरबाडकडे जाताना भातसा नदीच्या काठी सापगाव लागते. ह्या परिसरातील खरीप हंगामाचे मुख्य पीक भात होय. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत पेरणी, चिखलणी, आवणी, बेणणी, कापणी अशी अनेक कामे ठराविक दिवसांत उरकावी लागतात. कोणते काम कोणी व केव्हा करावयाचे, ह्याची नोंद काही शेतकरी वहीत, तर काही मोबाईलवर ठेवतात. उत्पन्नाचा हिशेब मात्र वेगळ्या कागदावर असतो. ह्या दोन नोंदींची गाठ कधी पडत नाही, आणि त्यामुळे शेतकऱ्याचे नुकसान होते.

समजा, एका शेतकऱ्याच्या लांबच्या खाचरात भात कमी उतरले. बियाणे निकृष्ट होते, अशी त्याची समजूत झाली व पुढील वर्षी त्याने अधिक किंमत देऊन नवे बियाणे आणले. कामाची वही पाहिली असती, तर निराळीच गोष्ट दिसली असती. १२ जून रोजी पेरलेल्या रोपांची आवणी जवळच्या खाचरात ५ जुलै रोजी, म्हणजे २३ दिवसांनी झाली होती. लांबच्या खाचरात मजूर न मिळाल्यामुळे ती २५ जुलै रोजी, म्हणजे ४३ दिवसांनी झाली. भाताची रोपे साधारणतः २१ ते २५ दिवसांची असताना लावणे हितकारक असते. वय झालेल्या रोपांना फुटवे कमी येतात. तेव्हा खर्च बियाण्यावर न करता आवणीच्या मजुरांची तजवीज आधी करणे कदाचित अधिक फायद्याचे ठरले असते.

नोंदींपासून ज्ञान कसे मिळते, ह्याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील आहे. तेथे १८४३ पासून गव्हाच्या प्रयोगाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ तेथे आले व त्या जुन्या आकड्यांवरून त्यांनी नवे निष्कर्ष काढले. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे यांनी कृषि कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषि संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. त्या काळी हाताने करावी लागणारी आकडेमोड आज संगणक क्षणार्धात करतो. परंतु नोंदच सदोष असेल, तर संगणक चुकीचे उत्तरही तितक्याच त्वरेने देतो.

म्हणून दोन तक्ते ठेवावेत. पहिला तक्ता कामांचा. त्यात एका खाचरातील एका दिवसाच्या एका कामासाठी एकच ओळ असावी व हंगाम, खाचर क्रमांक, तारीख, काम, मजूर व प्रत्येकी तास असे रकाने असावेत. रोपवाटिकेतील पेरणीची नोंद करताना ती रोपे ज्या ज्या खाचरासाठी असतील, त्या प्रत्येक खाचराच्या नावे ओळ लिहावी. दुसरा तक्ता उत्पन्नाचा. त्यात प्रत्येक खाचराची एकच ओळ असावी व हंगाम, खाचर क्रमांक, क्षेत्र, भाताची जात व वाळलेल्या भाताचे वजन लिहावे. हंगाम व खाचर क्रमांक हे दोन्ही तक्त्यांना जोडणारे दुवे होत. ते दोन्हीकडे तंतोतंत सारखेच लिहिले पाहिजेत.

नोंद करताना पुढील दक्षता घ्यावी.

१) एका कामाला एकच नाव द्यावे. कोठे ‘आवणी’, कोठे ‘लावणी’ असे लिहिल्यास संगणक ती दोन वेगळी कामे समजतो.

२) एकच माप वापरावे. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. एका रकान्यात गुंठे व एकर मिसळू नयेत.

३) आकड्याच्या रकान्यात केवळ आकडा असावा. ‘तीन गडी, दोन बाया, अर्धा दिवस’ असे एकत्र लिहू नये.

४) काम झालेच नाही, तर शून्य लिहावे, माहिती नसेल, तर जागा रिकामी ठेवावी. ह्या दोहोंचा अर्थ भिन्न आहे.

५) संगणकात भरताना अंक देवनागरीत न भरता इंग्रजी पद्धतीचे भरावेत, अन्यथा विश्लेषणाची प्रणाली त्यांना अक्षरे समजण्याचा संभव असतो.

हे तक्ते ‘सीएसव्ही’ स्वरूपात साठविले, म्हणजे ते बहुतेक सर्व संख्याशास्त्रीय प्रणालींत उघडता येतात. ‘आर’ नावाची प्रणाली विनामूल्य मिळते. १९९० नंतरच्या दशकात न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ती तयार केली.

तक्ते जोडताना एक चूक वारंवार घडते. समजा, सारख्याच क्षेत्राची दोन खाचरे आहेत. पहिल्यात गुंठ्याला ३० किलो भात झाले व त्याच्या कामांच्या २ ओळी आहेत. दुसऱ्यात २० किलो झाले व कामांच्या ६ ओळी आहेत. खरी सरासरी २५ किलो होय. परंतु तक्ते जसेच्या तसे जोडल्यास ३० हा आकडा दोनदा व २० हा आकडा सहा वेळा येतो आणि सरासरी २२.५ किलो निघते. म्हणून प्रथम प्रत्येक खाचराच्या कामांची एकूण बेरीज व आवणीच्या वेळचे रोपांचे वय काढून एकच ओळ करावी आणि नंतरच ती उत्पन्नाच्या तक्त्याशी जोडावी.

निष्कर्ष काढतानाही संयम हवा. लांबच्या खाचरात आवणी उशिरा झाली, तशीच तेथील जमीनही हलकी असू शकेल. तेव्हा उत्पन्न कशामुळे घटले, हे एका शेतकऱ्याच्या एका हंगामातील चार-दोन खाचरांवरून ठरत नाही. गावातील अनेक शेतकऱ्यांच्या दोन-तीन हंगामांच्या नोंदी एकत्र कराव्यात. खात्री करून घ्यावयाची असल्यास एकाच खाचराचे सारखे भाग पाडावेत आणि कोणत्या भागात आवणी लवकर व कोणत्या भागात उशिरा करावयाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चांगला भाग आवडत्या पद्धतीला देण्याचा मोह त्यामुळे टळतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नोंदी गोळा करून थांबू नये. विश्लेषणातून जे निघेल, ते पुढील वर्षीचे राब भाजण्यापूर्वी शेतकऱ्यांच्या बैठकीत सोप्या भाषेत सांगावे. आपल्या वहीचा आपल्यालाच उपयोग होतो, असे एकदा दिसून आले, म्हणजे शेतकरी बंधू-भगिनी ती वही पुढील हंगामात अधिक काळजीने लिहितील.