पेणची मूर्ति आणि रोह्याचा रूळ

भाद्रपद मास जवळ येऊं लागला म्हणजे पेण शहराची व शेजारच्या हमरापूर, जोहे इत्यादि गांवांची जी लगबग उडते, ती आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेलीच आहे. ओटीवर, पडवींत, माळ्यावर, जेथें म्हणून जागा सांपडेल तेथें मूर्ति मांडलेल्या असतात. कोणी साच्यांतून मूर्ति सोडवीत असतो, कोणी डोळ्यांची आखणी करीत असतो. या मूर्तींचे मुख्य प्रकार दोन, शाडूच्या व प्लास्टर ऑफ पॅरिसच्या. एकदां रंग चढला म्हणजे दोहोंतील भेद नुसत्या डोळ्यांस सहसा ओळखूं येत नाहीं. तो कळतो पाण्यांत.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं सुपारीएवढे दोन गोळे, एक वाळलेल्या शाडूचा व एक प्लास्टरचा, पाण्याच्या दोन पेल्यांत टाकून पाहिले. शाडूचा गोळा बुडबुडे सोडीत ढांसळूं लागला व आमचा चहा पिऊन होतो न होतो तोंच तळाशीं त्याचा गाळ झाला. प्लास्टरच्या गोळ्यानेंहि आरंभीं चार बुडबुडे सोडले. परंतु आठवडा लोटला तरी तो आपला तसाच. वस्तुतः दोन्ही पदार्थ भूमींतून खणून काढलेले. मग हा भेद कां पडावा? पदार्थ कशाचा केला आहे, एवढेंच विचारून येथें भागत नाहीं. त्यांतील परमाणु कसे रचलेले आहेत व ते कसे थरथरत आहेत, हेंहि विचारावें लागतें.

रचनेचा पहिला धडा मिठाच्या खड्यांत मिळतो. पेण तालुक्याच्या खाडीकांठीं पूर्वीपासून मीठ पिकत आलें आहे. खडेमिठाचा एखादा चांगला कण भिंगाखालीं धरावा; त्याच्या कडा सरळ व कोपरे काटकोनांत दिसतात. हा आकार त्यास कोणीं दिला? 1912 सालीं म्युनिक येथें लौए यांच्या सूचनेवरून स्फटिकांतून क्ष-किरण सोडण्यांत आले व छायाचित्राच्या कांचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. पुढील वर्षी लॉरेन्स ब्रॅग या इंग्लंडांतील तरुणानें अशा नक्षीवरून मिठाची आंतील रचना वाचून दाखविली. सोडियम व क्लोरीन यांचे कण बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणें एकाआड एक, आणि तेहि तिन्ही दिशांस, मांडलेले आहेत. एक मिलिमीटर लांबीच्या कडेवर असे सुमारें 35 लाख कण एका ओळींत बसतात. 1915 सालीं ब्रॅग व त्याचे वडील या दोघांस मिळून नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां मुलाचें वय अवघें 25 होतें.

आतां मिठाचा खडा ठोकला तर फुटतो आणि तांब्याचा तुकडा ठोकला तर पसरतो, याचें कारण पाहूं. मिठांतील सोडियमचे कण धनविद्युतीचे व क्लोरीनचे ऋणविद्युतीचे असतात. विजातीय शेजारी एकमेकांस धरून ठेवतात. घाव बसून एक थर किंचित् सरकला कीं धनासमोर धन व ऋणासमोर ऋण येतें, आणि थर एकमेकांस दूर लोटतात. तांब्यांत अशी अडचण नाहीं. तेथें सर्व कण एकजातीचे, व त्यांस बांधून ठेवणारे इलेक्ट्रॉन साऱ्या तुकड्यांत मोकळेपणानें वावरणारे. थर सरकला तरी बंधन तुटत नाहीं. म्हणूनच तांबटास घंगाळ घडवितां येतें. मिठाचें घंगाळ कोणी घडवूं म्हणेल तर पाहाण्यास आम्ही अवश्य येऊं.

परंतु हे कण आपापल्या जागीं स्वस्थ बसलेले असतात अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. प्रत्येक कण आपल्या जागेभोंवतीं एका सेकंदांत एकावर तेरा शून्यें मांडून होईल इतक्या वेळां, किंवा त्याच्या आसपास, हेलकावत असतो. पदार्थ तापणें म्हणजे ही थरथर वाढणें. हिचा परिणाम पाहावयाचा असल्यास पेणहून गाडींत बसून रोह्यास उतरावें. 1998 सालीं संपूर्ण खुली झालेली कोंकण रेल्वे तेथूनच पुढें दक्षिणेस सुरू होते. दोन परमाणूंस जवळ दाबणें फार कठीण, त्या मानानें दूर ओढणें सोपें. त्यामुळें थरथर वाढली कीं प्रत्येक कण शेजाऱ्यापासून सरासरीनें थोडा दूर राहूं लागतो. हा दुरावा डोळ्यांस दिसणारा नव्हे. पण एक किलोमीटर लांबीचा मोकळा पोलादी रूळ पहांटेपेक्षां दुपारीं 30 अंशांनीं अधिक तापला, तर तो सुमारें 36 सेंटिमीटर वाढेल! पूर्वी याकरितां रुळांच्या सांध्यांत फट ठेवीत, व गाडीचा तो ओळखीचा खडखडाट तेथून येई. हल्लीं रूळ जोडून सलग करतात व स्लीपरांस घट्ट जखडून वाढूं देत नाहींत. वाढ अडविली तरी जोर रुळाच्या अंगांत साठून राहतो, म्हणून कडक उन्हाळ्यांत रुळांवर विशेष लक्ष ठेवावें लागतें.

हीच थरथर प्लास्टरच्या जन्मास कारण होते. प्लास्टर होतें जिप्सम नांवाच्या खनिजापासून. आपल्या देशांत तें मुख्यतः राजस्थानांत सांपडतें. जिप्सममध्यें कॅल्शियम सल्फेटाच्या थरांमध्यें पाण्याचेहि थर बसविलेले असतात. तें सुमारें 150 अंशांपर्यंत तापविलें कीं थरथर इतकी वाढते कीं तीनचतुर्थांश पाणी आपली जागा सोडून वाफ होऊन जातें. उरते ती पांढरी पूड. कारागीर तींत पाणी घालतो, तेव्हां गेलेलें पाणी पुन्हां आपल्या जागीं येऊन बसतें व असंख्य सुईसारखे स्फटिक वाढून एकमेकांत गुंततात. त्या वेळीं साच्यास हात लावून पाहावा. तो कोमट लागतो. काथ्या घालून ओतलेली मूर्ति थोड्याच वेळांत साच्याबाहेर येते.

शाडूची गोष्ट निराळी. मातीचे कण म्हणजे अतिसूक्ष्म चपट्या पापुद्र्या. ओलेपणीं त्यांमध्यें पाण्याची पातळ फिल्म असते, तीवरून पापुद्र्या घसरतात व माती बोटांस वश होते. पाणी आटलें म्हणजे त्या एकमेकींस टेंकून राहतात इतकेंच, गुंतत नाहींत. एक बाजू आधीं वाळली तर मूर्तीस चीर पडते, म्हणून ती सावलींत वाळवावी लागते. वाळलेल्या मूर्तीच्या बारीक रंध्रांत पाणी जोरानें शिरतें, आंतील हवा कोंडून पापुद्र्या विलग होतात आणि मूर्ति विरते. नवल हें कीं, शाडूचा ओला गोळा पाण्यांत पुष्कळ वेळ टिकतो व वाळलेला लगेच ढांसळतो! हीच माती कुंभारानें भट्टींत 600 अंशांपलीकडे भाजली, तर थरथरीच्या जोरानें तिची रचनाच पालटते व मडकें पाण्यांत विरत नाहीं.

प्लास्टर पाण्यांत मुळींच विरघळत नाहीं असें नाहीं. लिटरभर पाण्यांत मीठ सुमारें 360 ग्रॅम विरघळतें, जिप्सम अवघें 2 ग्रॅम. म्हणजे दोन किलोच्या मूर्तीस हजार लिटर पाणी पाहिजे, आणि वर रंगाचें कवच असतें तें वेगळेंच. नदीच्या तळाशीं भग्न मूर्ति पाहून ज्यांचें मन खिन्न झालें असेल त्यांनीं हा हिशेब ध्यानांत घ्यावा. 2020 सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें प्लास्टरच्या मूर्तींस मनाई सांगितली. 2025 च्या जूनमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्या करण्यास व विकण्यास मोकळीक दिली. मात्र न्यायालयाच्या अनुज्ञेवांचून त्या नैसर्गिक जलाशयांत विसर्जन करूं नयेत असें बजाविलें.

या प्रकरणीं कारागिरास दोष देणें आम्हांस रुचत नाहीं. भर पावसांत शाडू वाळण्यास दिवस लागतात, दूरच्या प्रवासांत हात, सोंड तुटते, आणि मूर्ति तर परदेशींहि जावयाच्या असतात. प्लास्टर हलकें व स्वस्त. आणि या धंद्यावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. तरीहि जी मूर्ति घरींच बादलींत विसर्जन करावयाची, ती शाडूचीच घ्यावी असें आमचें मत आहे. त्या मातींत पुढें तुळस लावतां येते.

ज्यांच्या घरीं प्लास्टरची मूर्ति आलीच असेल त्यांच्यासाठीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें एक उपाय काढला आहे. बेकरींत वापरतात त्या अमोनियम बायकार्बोनेटाच्या पाण्यांत मूर्ति ठेवली म्हणजे स्फटिकांतील सल्फेट अमोनियाबरोबर निघून जातो व त्याच्या जागीं कार्बोनेट येतो. सुयांची ती गुंतागुंत मोडते, मूर्ति भुगा होऊन खालीं बसते. पाण्यांत उरतें तें अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतकऱ्याचें खत; तळाशीं बसतें तें कॅल्शियम कार्बोनेट.