पाचव्या नटाची किल्ली

मैत्रिणींनो, घरातल्या किल्ल्यांचा हिशेब कोणाकडे असतो, हे काही वेगळं सांगायला नको. कपाटाची, कोठीच्या खोलीची, बँकेतल्या लॉकरची, गावाकडच्या बंद घराची... कुठली किल्ली कुठल्या खिळ्याला टांगली आहे, हे लाइट गेलेले असतानाही आपण सांगू शकतो. पूर्वीच्या बायका जुडगा कमरेला खोचायच्या, आपण पर्समध्ये टाकतो, एवढाच काय तो फरक. पण दारात उभ्या असलेल्या चारचाकीची एक किल्ली अशी आहे, की तिच्याबद्दल आपल्याला सहसा कोणी सांगतच नाही. गाडी सुरू करायची नव्हे, चाक काढायची!

आता तुम्ही म्हणाल, चाकाला कसली आलीय किल्ली? पाना लावला, नट फिरवला, चाक निघालं. बऱ्याच गाड्यांचं तसंच असतं. पण ज्या गाड्यांना चकचकीत अलॉय व्हील्स असतात, त्यातल्या काहींच्या प्रत्येक चाकाला एक नट वेगळा असतो. बाकीचे नट षटकोनी, नेहमीच्या पान्यात बसणारे. हा एक मात्र गोल. त्याच्या तोंडावर फुलासारखी किंवा नागमोडी नक्षी कोरलेली असते. त्या नक्षीत बरोबर बसेल असा एक छोटा तुकडा गाडीसोबत मिळतो. तो आधी नटावर बसवायचा आणि मग त्यावर पाना लावायचा. हा वेगळा नट म्हणजे लॉकनट आणि तो तुकडा म्हणजे त्याची किल्ली. महागडी चाकं रातोरात चोरीला जाऊ नयेत म्हणून ही सोय. काही गाड्यांना ते कंपनीतूनच बसवलेले असतात, तर काही हौशी मालक अलॉय बसवताना दुकानातून घालून घेतात.

कल्पना चांगली आहे. अडचण एकच. किल्ली हरवली, तर चोराबरोबर मालकालाही चाक काढता येत नाही.

माझी या किल्लीशी ओळख झाली ती कुंभार्ली घाट चढून वर आल्यावर, हेळवाकच्या अलीकडे. आम्ही चिपळूणचे. आमचे हे नोकरीनिमित्त मुंबईत, त्यामुळे घरातली सगळी धावपळ माझ्याकडे. त्या दिवशी सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी कराडला न्यायचं होतं. त्यांना मधुमेह, म्हणून डबा आणि औषधं बरोबर. ऑगस्टचा पाऊस, घाटात दाट धुकं. घाट संपला म्हणून मी हुश्श करते न करते, तोच एका दगडाच्या कडेनं डावीकडचं पुढचं टायर बाजूनं चिरलं आणि गाडी एका अंगाला बसली.

चाक बदलायला मी घाबरत नाही. लग्नाआधी भावानं शिकवलं होतं. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, पानाही होता. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला आणि नट सैल करायला बसले. एक, दोन, तीन, चार. पाचव्यावर पाना बसेचना! मोठा म्हणावा तर मोठा नाही, लहान म्हणावा तर लहान नाही. मागच्या सीटवरून सासूबाई विचारतायत, ‘‘काय गं, निघत नाही का?’’ पाऊस माझ्या पाठीवर आणि मी त्या गोल नटाकडे बघत बसलेली.

थोड्या वेळानं एक दुचाकीवाले दादा थांबले. पुढच्या वस्तीत त्यांच्या ओळखीचा पंक्चरवाला होता, त्याला निरोप दिला. तो आला, खाली वाकला आणि म्हणाला, ‘‘ताई, लॉकनट आहे हा. किल्ली द्या.’’

आम्ही डिकी उपसली. स्टेपनीखालचा खण, जॅकची पिशवी, डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची जागा, सगळं पाहिलं. किल्ली नाही. गाडी आम्ही जुनी घेतली होती. ज्यांच्याकडून घेतली त्या गृहस्थांना फोन लावला, तर ते अगदी सहज म्हणाले, ‘‘हां, ती किल्ली ना? मागे टायर बदलले तेव्हा दुकानातच राहिली असेल.’’ गाडी विकताना त्यांनी कागदपत्रं दिली, सीटकव्हरचं कौतुक केलं, देवाची मूर्तीसुद्धा ‘असू द्या’ म्हणून ठेवली. किल्लीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

पंक्चरवाल्यानं शेवटी आपल्या पेटीतून एक जुनी गोटी काढली. सॉकेटला गॅरेजच्या भाषेत गोटी म्हणतात, बरं का! नटापेक्षा किंचित लहान अशी ती गोटी त्यानं हातोडीनं ठोकून ठोकून नटावर घट्ट बसवली. मग पान्याला लांब लोखंडी पाइप लावला आणि सगळा भार टाकला. तीन वेळा ती सटकली, चौथ्यांदा ‘कट्’ असा आवाज झाला आणि नट फिरला. तासभर गेला. सासूबाईंनी तोवर गाडीतच डबा खाऊन घेतला होता, त्यामुळे त्यांची साखर काही ढळली नाही. तपासणीची वेळ मात्र टळली. गोटी त्या नटात कायमची रुतून बसली. त्याची आणि मेहनतीची किंमत मी आनंदानं दिली.

ही गोष्ट नंतर मी बऱ्याच जणींना सांगितली. गाडी चालवणाऱ्या दहाजणींपैकी नऊ जणींनी विचारलं, ‘‘अशी किल्ली असते?’’ आणि हाच प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. आता तालुक्याच्या गावातही बायका सर्रास गाडी चालवतात. शाळेत, बँकेत, शेतावर, माहेरी जातात. पण गाडी विकत घेताना माहिती दिली जाते ती घरच्या पुरुषाला. गॅरेजमध्ये आपण उभ्या असतो, तरी ‘‘साहेबांना फोन लावून द्या’’ म्हणतात. आणि आडरस्त्यावर चाक फसतं तेव्हा साहेब असतात शंभर-दोनशे किलोमीटर लांब. गाडीचं स्टिअरिंग आपल्या हाती आलं, पण डिकीतल्या माहितीचा जुडगा अजून आलेला नाही.

तर हा जुडगा आपणच मागून घेऊ या. किल्ली हरवलीच, तर काय करता येतं ते आधी पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे नीट शोध. ही किल्ली दोन-तीन इंचांची, दिसायला एखाद्या फुटकळ सुट्या भागासारखी. ती बहुधा स्टेपनीच्या खळग्यातल्या फोममध्ये, हत्यारांच्या पिशवीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात, दोन सीटमधल्या खणात किंवा डिकीच्या बाजूच्या झाकणामागे असते. तिथे नसेल तर शेवटचं चाक जिथे उघडलं होतं, त्या टायरवाल्याला किंवा वर्कशॉपला फोन करायचा. काम झाल्यावर ती त्यांच्याच पान्यात अडकून राहणं, हे तर नेहमीचंच.

दुसरी गोष्ट, नंबर. पुष्कळ किल्ल्यांवर एक कोड कोरलेला असतो आणि तोच कोड सोबत मिळालेल्या छोट्या कार्डावर असतो. गाडीच्या पुस्तिकेत ते कार्ड मिळालं, तर शोरूममधून किंवा नट बनवणाऱ्या कंपनीकडून तशीच किल्ली मागवता येते. कोडही नसेल तर नटाच्या तोंडाचा स्वच्छ, जवळून फोटो काढून वर्कशॉपला दाखवा. काही मोठ्या वर्कशॉपमध्ये वेगवेगळ्या नक्षीच्या किल्ल्यांचा संच असतो. त्यातली एक लावून बघता येते. माझ्या गाडीचे उरलेले तीन लॉकनट असेच सुटले आणि मी चारही ठिकाणी साधे नट बसवून घेतले.

तिसरा उपाय जबरदस्तीचा. गोटी ठोकून बसवणं हा त्यातलाच. आतून उलट्या आट्यांची धार असलेली खास गोटीही मिळते. ती डावीकडे फिरवली की नटात रुतत जाते. पण काही लॉकनटांच्या बाहेर सुटं फिरणारं कडं असतं, तिथे गोटी नुसतीच गरगरते. मग नटावर दुसरा नट वेल्डिंग करणं किंवा ड्रिल मारणं उरतं. ही कामं जाणकाराकडेच करायची. नट कडक पोलादाचा असतो, ड्रिल घसरलं तर अलॉयचं नुकसान होतं. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, हवा भरलेल्या टायरजवळ कोणी गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग आणत असेल, तर ठामपणे ‘नको’ म्हणा. आत दाब वाढून टायर फुटू शकतं, त्यात माणसं दगावतात.

दरवेळी चाक काढावंच लागतं असंही नाही. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला असेल तर चाक न काढता जागच्या जागी रबरी पट्टी घालून पंक्चर काढतात. छोटा पंप असेल तर हवा भरून हळूहळू जवळच्या दुकानापर्यंतही जाता येतं. पण टायर बाजूनं चिरलं तर पट्टी नाही की पंप नाही, चाक काढावंच लागतं. ब्रेकचं काम किंवा चाकांची अदलाबदल असेल तरी तेच.

स्टेपनीवरून आठवलं. हा शब्द आपण इतका घरचा केलाय, की तो परका वाटतच नाही. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. 1904 मध्ये वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी असं जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्या रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं आणि आपल्याकडे येऊन राहिलं. आता मात्र स्टेपनीही आहे की नाही, हे बघूनच घ्यावं लागतं. 2020 मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट दिलेलं असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी देणं बंधनकारक राहिलं नाही. म्हणून नवी गाडी घेतानाही डिकी उघडून पाहा.

काही गोष्टी कायमच्या वहीत लिहून ठेवण्यासारख्या...

* चारही चाकांचे नट एकदा नीट बघा. एक नट वेगळा दिसला, तर तो लॉकनट.

* किल्ली सापडली की कोडचा आणि नक्षीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एक घरच्यांना पाठवा. जमलं तर दुसरी किल्ली मागवून घरी ठेवा.

* किल्लीची जागा एकच आणि पक्की. रंगीत पिशवीत घालून जॅकजवळ ठेवली की शोधाशोध नको.

* गाडी सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर ‘लॉकनटची किल्ली दिली’ असं लिहून घ्या. परत घेताना आधी किल्ली मागा, मग बिल द्या.

* लॉकनटावर हवेवर चालणारी मशीन लावू देऊ नका. झटक्यानं किल्लीची नक्षी तुटते. तो हातानंच सोडायचा आणि हातानंच आवळायचा.

* जुनी गाडी घेताना आरसी, विमा, पीयूसी, दुसरी चावी यांच्याबरोबर ही किल्लीही मागा. आणि ती नटावर बसवून बघा.

* नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, मग जॅक. बसवताना शेजारचा शेजारी न आवळता समोरासमोरचे आवळा. पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्या.

* अडकलात तर गाडी शक्य तितकी कडेला घ्या, पार्किंगचे दिवे लावा आणि माणसांना रस्त्यापासून दूर उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि कुठेही 112 हे नंबर मदतीला आहेत.

यातलं एकही काम अवघड नाही. कुकरची रिंग, गॅसचा रेग्युलेटर, मिक्सरचं भांडं यांच्या खोड्या आपण जाणतोच ना? नटही तसाच. एकदा हातात घेऊन पाहिला की त्याची भीती उरत नाही.

आज संध्याकाळी चहा झाला की दहा मिनिटं काढा. मुलीला, सुनेला, शेजारणीलाही हाक मारा. डिकी उघडा, स्टेपनी दाबून बघा आणि ती किल्ली शोधा. सापडली तर जागा ठरवून टाका. नाही सापडली, तर गाडी दारात उभी असतानाच कळलं म्हणायचं, आणि उद्या सकाळीच टायरवाल्याला फोन करायचा. फोन मात्र आपणच करायचा!