बाहुल्यांच्या संग्रहाची कमी खर्चातील निगा

बाहुली कशाची बनवली आहे, त्यावर तिची निगा ठरते. व्हिनाइलची बाहुली साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी. व्हिनाइल मऊ राखणारे द्रव्य कालांतराने बाहेर झिरपून पृष्ठभाग चिकट होतो. म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. नायलॉनचे केस शाम्पूने धुऊन, आधी टोके सोडवत मुळांकडे जात विंचरावेत. कोंडापल्लीसारख्या रंगवलेल्या लाकडी बाहुल्यांना पाणी लावू नये. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकावी.

कापडी बाहुलीला कसर लागल्यास ती हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नये, नाहीतर कापड दमट होते.

साडेअकरा इंची बार्बी साधारण 1:6 प्रमाणात असते. तिच्या कपड्यांसाठी बारीक नक्षीच्या ब्लाउजपीसचे तुकडे शोभतात. मोठी नक्षी बेढब दिसते. गडद कापड आधी धुऊन जादा रंग काढावा, नाहीतर व्हिनाइलवर कायमचे डाग पडतात.

बाहुल्या गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नये. त्यातील आम्लाने कापड पिवळे पडते. जुन्या, धुतलेल्या, बिनखळीच्या पांढऱ्या सुती धोतराचे तुकडे उत्तम. संग्रह थेट उन्हापासून आणि ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवावा.