पेडल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर नव्हे

अमेरिकेच्या ग्रामीण आणि निमशहरी भागांत पाच-दहा एकरांच्या जागेवर गवत कापणे, माती-खडी हलवणे, हिवाळ्यात बर्फ बाजूला सारणे अशा कामांसाठी साधारणतः २० ते ४० अश्वशक्तीचे जे छोटे ट्रॅक्टर घेतले जातात, त्यांतील फार मोठा वाटा आज हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती दाबाखालील तेलाच्या प्रवाहातून चाकांकडे नेणाऱ्या यंत्रणेच्या ट्रॅक्टरांचा असतो. अशा ट्रॅक्टरवर क्लच दाबून गिअर बदलत बसावे लागत नाही. उजव्या पायाखालच्या पेडलने ट्रॅक्टर पुढे जातो, मागे येतो आणि त्याचा वेगही त्याच पेडलने कमीजास्त होतो. ही सोय मोटारीसारखी वाटते आणि नेमका तेथेच घोटाळा सुरू होतो. नव्या मालकांपैकी बरेच जण असे धरून चालतात की हे पेडल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आहे आणि चढावर किंवा मातीच्या ढिगात लोडर, म्हणजे पुढची माती उचलणारी बादली, घुसवताना ट्रॅक्टर अडखळू लागला की पेडल आणखी खोल दाबावे. ट्रॅक्टर बंद पडतो, मालक पुन्हा तेच करतो आणि शेवटी यंत्रच कमजोर असल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

हा समज अर्धवटही खरा नाही; तो पूर्णपणे उलटा आहे. का ते समजण्यासाठी पेडलाखाली काय घडते ते पाहावे लागते. इंजिन एका पंपाला फिरवते. या पंपात अनेक छोटे दट्ट्ये असतात आणि ते एका तिरक्या तबकडीवर टेकून पुढे-मागे होतात. तबकडी सरळ असेल तर दट्ट्ये हलत नाहीत आणि तेल वाहत नाही. ती जितकी तिरकी होईल तितके प्रत्येक फेऱ्यात जास्त तेल बाहेर पडते आणि ती उलट्या बाजूला कलली की प्रवाहाची दिशाही उलटते. हे तेल बंद वळशातून हायड्रॉलिक मोटरकडे जाते, मोटर फिरते आणि तिच्यामार्फत चाके फिरतात. पेडल हलवते ती ही तबकडी. साध्या बनावटीच्या यंत्रात इंजिनाच्या इंधनाशी पेडलाचा काहीच संबंध नसतो. इंजिनाचे फेरे ठरतात ते हाताने ओढायच्या थ्रॉटलच्या दांड्याने.

आता चाकांवर भार आला की काय होते ते पाहावे. चाके फिरवण्यासाठी लागणारा तेलाचा दाब भारावरून ठरतो, पेडलावरून नव्हे. मात्र तो दाब निर्माण करताना इंजिनाला किती जोर लावावा लागेल हे पंपाच्या प्रत्येक फेऱ्यात किती तेल ढकलायचे आहे यावर, म्हणजेच पेडलावर ठरते. त्यामुळे भार तोच असताना पेडल आणखी दाबले तर इंजिनावरचा बोजा वाढतो, फेरे खाली बसतात आणि इंजिन बंद पडते. पेडल थोडे सोडले तर बोजा कमी होतो, इंजिन फेरे परत मिळवते आणि ट्रॅक्टर हळू, पण ठामपणे पुढे सरकतो. गिअरचा ट्रॅक्टर चालवणारा कोणताही शेतकरी नांगर जड लागला म्हणून वरचा गिअर टाकणार नाही. तो खालचा गिअर टाकेल. हायड्रोस्टॅटिक पेडल म्हणजे असंख्य पायऱ्यांचा गिअरच आहे: कमी दाबलेले पेडल हा खालचा गिअर आणि पूर्ण दाबलेले पेडल हा वरचा गिअर. एवढी एक गोष्ट विक्रीच्या वेळी पाच मिनिटांत सांगता येते, आणि तरीही ती न सांगता ट्रॅक्टर घरी पोहोचवले जातात, हे खेदाचे आहे.

येथे एक शंका रास्त आहे. काही महागड्या मॉडेलांत पेडलाचा इंजिनाशी संबंध नसण्याची ही उणीव इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरून काढलेली असते. जॉन डिअरची ई-थ्रॉटल ही सोय पेडलासोबत इंजिनाचे फेरेही वाढवते आणि लोडमॅच भार वाढताच गती आपोआप कमी करून इंजिन बंद पडू देत नाही. कुबोटाच्या काही मॉडेलांत हेच काम स्टॉल गार्ड करते. ज्याने असे यंत्र चालवले आहे त्याला वरचे विवेचन अनावश्यक वाटू शकेल, पण ही सोय पेडल सोडण्याचे काम चालकाऐवजी स्वतः करते, इतकेच. ती तत्त्व बदलत नाही.

ट्रॅक्टर पुढे सरकत नाही याची कारणे तीन असतात आणि त्यांची गल्लत झाली की उपायही चुकतो. इंजिनाचे फेरे खाली बसत असतील तर पेडल सोडावे. फेरे टिकून आहेत, चाके थांबली आहेत आणि तेलातून शिट्टीसारखा आवाज येत आहे, अशी स्थिती असेल तर तेलाचा दाब कमाल मर्यादेला पोहोचून सुरक्षा झडप, म्हणजे जादा दाबाचे तेल वळवून यंत्रणा वाचवणारी झडप, उघडली आहे असे समजावे. अशा वेळी पेडल दाबून धरल्याने फक्त तेल तापते, म्हणून ट्रॅक्टर पूर्ण थांबवून लो रेंज टाकावी. रेंज म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या मार्गातील दोन किंवा तीन पायऱ्यांचा साधा गिअर. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत तो चालत्या गाडीत बदलायचा नसतो. आणि चाके जागच्या जागी फिरत असतील तर दोष ट्रान्समिशनचा नाही, पकडीचा आहे. तेथे चारही चाकांची ओढ, डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरवणारी सोय, आणि मागचे वजन यांचाच उपयोग होतो.

याच गैरसमजाचे जुळे भावंड म्हणजे थ्रॉटल कमी ठेवला की डिझेल वाचते आणि इंजिन टिकते ही समजूत. रिकामा ट्रॅक्टर सपाट रस्त्याने नेताना ती काही अंशी खरी आहे. भाराच्या कामात मात्र कमी फेऱ्यांवर इंजिनाकडे पुरेशी शक्तीच नसते, पंखा हळू फिरल्याने थंडावा कमी मिळतो आणि लोडरचा पंपही मंदावतो. गवतकापणी यंत्राला शक्ती देणारा पीटीओ, म्हणजे अवजारे फिरवण्यासाठी ट्रॅक्टरबाहेर काढलेला दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या प्रमाण गतीवर तेव्हाच येतो, जेव्हा इंजिन त्यासाठी नेमलेल्या, बऱ्याच वरच्या फेऱ्यांवर चालत असते. डॅशबोर्डवर ती खूण बहुधा दिलेली असते. यात आणखी एक भर पडली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या टिअर ४ नियमांनी १९ किलोवॅट, म्हणजे सुमारे २५ अश्वशक्ती आणि त्याहून मोठ्या डिझेल इंजिनांवर काजळीची मर्यादा २०१३ पासून इतकी कडक केली की त्यांपैकी अनेकांत काजळी गाळणारी जाळी बसवावी लागली. ही जाळी स्वतःला जाळून स्वच्छ करण्यासाठी उष्णता मागते, आणि सतत मंद फेऱ्यांवर घुटमळणाऱ्या इंजिनात ती उष्णता मिळत नाही.

हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर शक्ती खातो, हा आक्षेप खोटा नाही, पण तो ज्या ठोकळ पद्धतीने मांडला जातो ती पद्धत चुकीची आहे. तेलातून शक्ती नेताना गळती आणि घर्षणामुळे दातेरी चाकांपेक्षा जास्त नुकसान होते, हे यंत्रशास्त्रात निर्विवाद आहे. परंतु पीटीओची शक्ती त्या तेलातून जात नाही. ती इंजिनाकडून गिअरांमार्फत येते, त्यामुळे तेथील घट लहान असते आणि मोठी घट जाणवते ती ओढकामात. नेब्रास्का राज्याच्या १९१९च्या कायद्यानुसार १९२०पासून ट्रॅक्टर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पीटीओची शक्ती आणि ओढण्याची शक्ती वेगवेगळी मोजतात, ते उगाच नव्हे. कुबोटाच्या बीएक्स २३८० या मॉडेलचे इंजिन २१.६ अश्वशक्तीचे आणि पीटीओ १७.७ अश्वशक्तीचा असल्याचे कंपनी सांगते; हा फरक पूर्णपणे ट्रान्समिशनच्या माथी मारणे चूक आहे, कारण इंजिनाची एकूण शक्ती आणि दांड्यावरची शक्ती यांत फरक गिअरच्या ट्रॅक्टरातही असतो. दिवसभर नांगरणी करायची असेल त्याने गिअरचा ट्रॅक्टर घ्यावा, आणि तासाला शंभर वेळा पुढे-मागे व्हायचे असेल त्याने हायड्रोस्टॅटिक घ्यावा.

हे तंत्र नवे आणि नाजूक आहे, असेही ऐकू येते. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने फार्मॉल ६५६ हा हायड्रोस्टॅटिक शेती-ट्रॅक्टर १९६७मध्येच बाजारात आणला होता. महाराष्ट्रात नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतील छोटे ट्रॅक्टर बहुतांशी गिअरचेच असल्याने येथे ही यंत्रणा अपरिचित वाटते, पण भातकापणीच्या अनेक हार्वेस्टरांत तीच असते, आणि १९९४पासून अमेरिकेत व्यवसाय करणारी महिंद्रा तेथे याच यंत्रणेचे छोटे ट्रॅक्टर विकते. नाजूक असते ते तेल: त्यात इंजिन ऑइल चालत नाही, उत्पादकाने सांगितलेले ट्रान्समिशनचे तेलच लागते, आणि अनेक मॉडेलांत पहिल्या ५० तासांनंतर त्याचा फिल्टर बदलायचा असतो, कारण नव्या भागांची झीज त्याच काळात तेलात उतरते. कडाक्याच्या थंडीत सुरू करताच भार देणेही चुकीचे. घट्ट झालेल्या तेलाला काही मिनिटे द्यावीत.

शेवटचा गैरसमज सर्वांत धोकादायक आहे. पेडल सोडताच ट्रॅक्टर थांबतो, म्हणून तो उतारावरही थांबूनच राहील, असे मानले जाते. तेलाच्या वळशात थोडी आंतरिक गळती असतेच, त्यामुळे उतारावर सोडलेला ट्रॅक्टर हळूहळू सरकतो. शिवाय तेलाचा हा रोध फक्त ओढ असलेल्या चाकांपर्यंत पोहोचतो. पुढच्या बादलीत माती भरलेली, मागे वजन नाही आणि फक्त मागच्या चाकांची ओढ चालू, अशा स्थितीत उतरताना मागची चाके हलकी होऊन ट्रॅक्टर मोकाट सुटू शकतो, आणि तेव्हा मागच्याच चाकांवरचे ब्रेकही कामाला येत नाहीत. म्हणून उतारावर लो रेंज आणि चारही चाकांची ओढ चालू ठेवावी, बादली जमिनीलगत ठेवावी, आणि पार्किंग ब्रेक लावल्याशिवाय कोणीही आसनावरून उठू नये.